वहिनींच्या कॉम्प्युटरवरचे तीन पहारेकरी

ही गोष्ट मी अर्धी पुष्कळांना सांगितलेली आहे. उरलेली अर्धी कुणालाच नाही. बायकोला नाही, दादाला नाही, आणि ज्यांना सांगायला हवी होती त्यांना तर नाहीच.

पहिली अर्धी हसण्याची आहे. ऑफिसात नवीन पोरं लागली, की चहाच्या वेळी मी ती काढतो. चिकलठाण्याच्या बाजूला एका कंपनीत मी कॉम्प्युटर आणि नेटवर्कचं काम बघतो. तर मी सांगतो, की शिकाऊ होतो तेव्हा घरच्या एकाच कॉम्प्युटरवर मी तीन-तीन ॲन्टी-स्पायवेअर बसवली होती. हेरगिरी करणारे प्रोग्रॅम पकडायला एका दारात तीन पहारेकरी. पहिल्याला दुसरा चोर वाटायचा, दुसऱ्याला तिसरा, आणि तिघं मिळून घरच्या माणसाला आत येऊ द्यायचे नाहीत. मशीन सुरू होईस्तोवर माणसाची अंघोळ उरकायची! पोरं हसतात. मीही हसतो. मग चहा संपतो आणि आम्ही उठतो.

त्या कॉम्प्युटरवर काम कोण करायचं, ते मी सांगत नाही. आजवर कुणी विचारलंही नाही.

तर — वहिनी. सविता वहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको. त्या अजिंठ्याकडच्या. त्यांच्या वडिलांकडे मेंढरं होती. तशी आमच्या आजोबांकडंही होती, फुलंब्रीच्या पलीकडं. पण बाबांनी ती विकून शहर धरलं आणि पुंडलिकनगरात दोन खोल्या बांधल्या. वहिनींच्या माहेरी मात्र मेंढरं राहिली, अगदी ही गोष्ट घडली त्या वर्षीच्या दुष्काळापर्यंत. मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातली ही पोरगी मराठी घेऊन बी.ए. झालेली आणि वर मराठी टायपिंगची परीक्षा पास. आमच्या घरात कुणाचीच बोटं अशी चालत नव्हती. मी तर एक बोट हवेत धरून अक्षर शोधणारा.

दादा वाळूजला कंपनीत होता. एका दिवाळीला त्यानं जुना कॉम्प्युटर घेतला. म्हणायला घरासाठी, पण घेतला वहिनींसाठी. त्यांना घरबसल्या टायपिंगची कामं मिळायला लागली होती — लग्नपत्रिका, कोर्टातले अर्ज, कुणाचा प्रबंध. दुपारी आई आडवी झाली, की वहिनी बसायच्या. पडद्याकडं न बघता, शेजारच्या कागदावर नजर ठेवून टाईप करायच्या. मधेच एखादं वाक्य आवडलं तर थांबून पुन्हा वाचायच्या, मनातल्या मनात, ओठ हलवत.

आणि मी? मी डिप्लोमा करून घरी बसलेला. कॉम्प्युटरमधलं सगळं मला कळतं, असं घरात सगळे धरून चालले होते. मला निम्मंही कळत नव्हतं. पण नोकरी नसलेल्या पोराला घरात मान मिळायची ती एवढी एकच जागा होती, आणि ती मी सोडायला तयार नव्हतो. हे मी सबब म्हणून सांगत नाही. तसं होतं, म्हणून सांगतो.

सकाळी सगळे कामात असले, की मी त्या मशीनवर बसायचो. चोरून पिक्चर उतरवायचो. आणि — इथं हात थांबतो, पण लिहितो — जे बघायला नको तेही बघायचो. अशा ठिकाणी गेलं की मशीनला काय चिकटतं, ते आज मी दुसऱ्यांना शिकवतो. तेव्हा मला चिकटलं. एके दिवशी भर दुपारी वहिनी टाईप करत होत्या, आई शेजारी शेंगा निवडत होती, आणि पडद्यावर एक घाणेरडी जाहिरात आपोआप उघडली. वहिनींनी घाबरून ती बंद केली. दुसरी उघडली.

आईनं फक्त वहिनींकडं बघितलं.

ते बघणं मी दारात उभा राहून पाहिलं. तेव्हाच बोलता आलं असतं ना? "आई, हे माझ्यामुळं आहे." किती लहान वाक्य! मी त्याऐवजी म्हणालो, की थांबा, मी बघतो. आणि मोठ्या जाणत्यासारखा मशीनसमोर बसलो.

मी पहिलं ॲन्टी-स्पायवेअर टाकलं. जाहिराती कमी झाल्या, थांबल्या नाहीत. मित्रानं दुसरं दिलं. तिसरं एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर मिळालं. एक काढून दुसरं टाकावं, हे मला सुचलं नाही. जितके पहारेकरी जास्त तितकं बरं, असं वाटायचं. भीती असली की तसंच वाटतं. मशीन रांगायला लागलं. वहिनी एक ओळ टाईप करायच्या आणि ती अक्षरं उमटायची वाट बघत बसायच्या. त्या तक्रार करत नव्हत्या. एकदा एवढंच म्हणाल्या, की भाऊजी, लई जड झालंय हे. मी सांगितलं, सुरक्षेसाठी असतं ते.

त्या वेळी त्यांच्याकडं एका मॅडमचा प्रबंध होता. मॅडम फुलंब्रीला शिकवायच्या आणि पीएच.डी.चं लिहीत होत्या. हाताने लिहिलेली पानं त्या आणून द्यायच्या, मग आमच्याकडंच बसून दुरुस्त्या सांगायच्या. कित्येक भाग तर कागदावर नव्हतेच. मॅडम बोलायच्या आणि वहिनी टाईप करायच्या. काम संपत आलं होतं. मॅडमनी वहिनींना सांगून ठेवलं होतं, की औरंगपुऱ्यात एका छापखान्याला चांगली टायपिस्ट हवी आहे, प्रबंध झाला की मी तुझं नाव सांगते. वहिनींनी हे घरात एकदाच सांगितलं, भाकरी थापता थापता, कुणाकडंही न बघता. पण त्या आठवड्यात त्यांनी जरा बऱ्यातली साडी इस्त्री करून ठेवली. मी पाहिली ती.

आणखी एक. वहिनींनी मला विचारलं होतं, हे सगळं दुसरीकडं कुठं ठेवून घेता येतं का. मी म्हटलं, पेनड्राइव्हवर घेतलंय. घेतलं नव्हतं. पेनड्राइव्ह माझ्या पिक्चरनं भरलेला होता.

तो दिवस टँकरचा होता. त्या वर्षी आमच्या भागात नळाला पाणी यायचं ते आठवड्यानं, आणि तेही कधी यायचंच नाही. बोअर आटलेले. आजूबाजूला नव्या इमारती मात्र उठतच होत्या. त्यांना पाणी कुठून मिळायचं, हे कुणी विचारत नव्हतं. टँकरचा भोंगा वाजला की गल्लीतली सगळी घरं बाहेर. वहिनी टाईप करता करता उठल्या, पदर खोचला आणि ड्रम घेऊन खाली गेल्या. आईही गेली.

मी जायला हवं होतं. ड्रम उचलायला पुरुष माणूस मीच होतो घरात. पण मशीन रिकामं झालं होतं, आणि तेवढ्यात ती जाहिरात पुन्हा उघडली. संध्याकाळी दादा घरी असणार होता. त्याच्यासमोर ते उघडलं तर? मी तिन्ही प्रोग्रॅम एकदम सुरू केले.

एकानं लाल खूण दाखवली. धोका सापडला: तुम्ही कोणती कळ दाबता ते ऐकणारा प्रोग्रॅम. दुसऱ्यानंही तेच दाखवलं. मला कोण आनंद झाला! सापडला चोर! खाली लिहिलेलं नीट वाचलं असतं तर कळलं असतं, की तो वहिनींचा मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम होता. कळा ऐकणं हेच त्याचं काम. तुम्ही कळ दाबायची आणि त्यानं तिचं मराठी अक्षर करायचं. परक्या पहारेकऱ्याला तो हेर वाटला. पण मला तर घरचा माणूस माहीत होता ना?

मी 'सगळं काढून टाका' दाबलं. एक प्रोग्रॅम त्या फायली उचलत होता, दुसरा त्याच्या हातातून ओढत होता, तिसरा दोघांनाही अडवत होता. मशीन थिजलं. मी बटण दाबून बंद केलं. पुन्हा सुरू केलं तर नुसता निळा पडदा, मशीन उठेना. पुन्हा केलं, पुन्हा निळा.

खाली पाण्याची भांडणं अजून तासभर तरी संपणार नव्हती. मी विंडोजची सीडी घातली आणि सगळं नव्यानं टाकलं. जुनं पुसून. वहिनींचं काम डिस्कच्या दुसऱ्या, न पुसलेल्या कप्प्यात असेल, असं धरून चाललो. ते डेस्कटॉपवर होतं, म्हणजे पुसलेल्याच भागात. 'डेस्कटॉपवर ठेवा वहिनी, सापडायला सोपं जातं' — हे मीच त्यांना शिकवलं होतं.

वहिनी वर आल्या तेव्हा कोपरापर्यंत भिजलेल्या होत्या. ड्रम ठेवला, हात पुसले आणि खुर्चीवर बसल्या. पडदा स्वच्छ होता. त्यांनी माऊस इकडून तिकडं फिरवला. मग माझ्याकडं वळल्या.

"भाऊजी, मॅडमचं कुठंय?"

मी म्हणालो, व्हायरस आला होता, पेनड्राइव्हवरचंही गेलं. तुम्ही काही उघडलं होतं का?

हे आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघालं. पण निघालेलं परत घ्यायला मला रात्र होती, दुसरा दिवस होता. मी घेतलं नाही. दादा आला, त्याला तेच सांगितलं. आईला त्या दुपारची जाहिरात आठवली. ती दादाला आत बोलावून काहीतरी बोलली, आणि पुढं कितीतरी दिवस दादा वहिनींशी कामापुरतंच बोलायचा. वहिनींना वाटायचं, तो प्रबंधामुळं चिडलाय. ते प्रबंधामुळं नव्हतं. तुम्हाला समजलं असेल कशामुळं होतं. मला तर तेव्हाही समजत होतं.

दोन दिवसांनी मी एका नेट कॅफेत बसून खरं काय झालं ते शोधलं. इंग्रजीत होतं, पण सगळं कळलं. अशी दोन-तीन ॲन्टी-स्पायवेअर एका मशीनवर एकत्र चालवू नका. ती एकमेकांना धरतात. भारतीय भाषांच्या टायपिंगच्या प्रोग्रॅमला पुष्कळदा चुकून हेर ठरवतात. अडकवून ठेवलेली फाईल एका बटणावर परत मिळते. घाईनं काही पुसू नका. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. म्हणजे आता मला खात्रीनं माहीत होतं. वहिनींनी काहीही उघडलं नव्हतं. त्यांचा प्रोग्रॅम हेर नव्हता. जाहिराती माझ्या, पहारेकरी माझे, पुसणारा हात माझा.

मी घरी आलो आणि जेवायला बसलो.

त्यानंतर वहिनी म्हणाल्या, की मॅडमना फोनवर सांगणं बरोबर नाही, जाऊन सांगायला हवं. दादाला सुट्टी नव्हती. मी त्यांना मोटरसायकलवर फुलंब्रीला घेऊन गेलो. वहिनींनी ती इस्त्रीची साडी नेसली नव्हती, रोजचीच होती. मांडीवर मॅडमच्या हस्तलिखिताची पिशवी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी रानं उघडी पडली होती. काळ्या जमिनीला हात जाईल अशा भेगा, आणि मधेच प्लॉट विकायचे फलक. मी मनात ठरवत होतो, की गावाबाहेर गाडी थांबवायची आणि सांगायचं. चहाची टपरी दिसली, तिथं थांबवू म्हटलं. ती गेली. पुढच्या वळणावर. तेही गेलं.

मॅडमनी आम्हाला बसायला दिलं, पाणी दिलं. वहिनींनी पिशवी त्यांच्यासमोर ठेवली आणि सगळं गेल्याचं सांगितलं. मॅडमनी पानं बाहेर काढून चाळली. त्यांचं वय झालेलं होतं, नोकरी आणि घर सांभाळून त्यांनी ते लिहिलं होतं, आणि जे त्या नुसतं बोलल्या होत्या ते आता कुठंच नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना.

"तुम्हाला यातलं कळतं म्हणे. नक्की काय झालं?"

असा सरळ प्रश्न मला आयुष्यात फार कमी वेळा कुणी विचारला असेल. उत्तर मला पाठ होतं. वहिनी शेजारीच होत्या.

मी म्हणालो, "वहिनींनी नेटवर काहीतरी उघडलं असणार. त्यातून आलं ते."

वहिनींनी खाली बघितलं. मला वाटलं, आता या नाही म्हणतील. म्हणायला पाहिजे होतं. त्या म्हणाल्या, "मला आठवत नाय मॅडम, मी काय उघडलं ते. पण भाऊजी म्हणतात म्हणजे उघडलं असंल. चूक माझीच हाय."

हे वाक्य मी किती वर्षं ऐकतो आहे, काय सांगू? त्या खोटं बोलत नव्हत्या. मला पाठीशी घालत नव्हत्या. त्यांना ते खरं वाटलं होतं. स्वतःच्या आठवणीपेक्षा त्यांनी माझ्या शब्दाला जास्त मानलं होतं.

त्यांनी सगळं पुन्हा टाईप करून देते म्हटलं. मॅडमनी नको म्हणून मान हलवली. त्यांच्याकडं तेवढी मुदत नव्हती. पिशवी त्यांनी ठेवून घेतली. आम्हाला दारापर्यंत सोडायला आल्या, एवढा त्यांचा चांगुलपणा. छापखान्याचं नाव कुणीच काढलं नाही.

परतताना वारा तापलेला होता. हर्सूलच्या जवळ आल्यावर वहिनी माझ्या खांद्यामागून म्हणाल्या, "भाऊजी, माझ्यापायी तुमाला लोकांम्होरं खाली बघावं लागलं."

मी गाडीचा वेग वाढवला. ऐकू आलं नाही असं दाखवलं.

पुढं काय झालं, ते फार नाही. मॅडमचं काम शहरातल्या एका दुकानात कसंबसं झालं, उशिरानं. त्यांनी कुणाला वाईट सांगितलं असेल असं मला वाटत नाही, पण टायपिंगची कामं हळूहळू थांबली. एकदा एक ओळखीचे वकील अर्ज घेऊन आले होते. वहिनींनी दारातूनच सांगितलं, की मी सोडलं ते. त्या साड्यांना फॉल-पिको करायला लागल्या. त्यांच्या वडिलांनी त्याच उन्हाळ्यात मेंढरं विकली आणि म्हातारा-म्हातारी काही महिने आमच्याकडं येऊन राहिले. जागा हवी होती म्हणून कॉम्प्युटर माझ्या कोपऱ्यात हलवला. कुणी ठरवलं नाही, पण तो माझा झाला. त्याच्यावर शिकून मी नोकरीला लागलो. पहिल्या पगाराचे पेढे आईनं वहिनींच्या हातून देवापुढं ठेवले.

मी वहिनींना काही कमी केलं नाही, असं लोक म्हणतात. त्यांच्या आजारपणात धावपळ केली, त्यांच्या मुलीच्या शाळेचं बघितलं, दिवाळीला कधी रिकाम्या हातानं घरी आलो नाही. हे सगळं खरं आहे. पण हे सगळं करून त्या एका वाक्याच्या जागी काय बसतं? काही बसत नाही. मी बसवून बघितलं आहे.

आता घरात प्रत्येकाकडं फोन आहे. वहिनींकडंही आहे. फोन उचलायची हिरवी खूण आणि ठेवायची लाल, एवढंच त्या वापरतात. दुसरं काही आलं की फोन हातभर लांब धरून कुणाला तरी देतात. सगळे म्हणतात, त्यांना या गोष्टींची भीतीच आहे पहिल्यापासून. पहिल्यापासून! एके काळी पडद्याकडं न बघता पानंच्या पानं टाईप करणाऱ्या बाईबद्दल माझा सख्खा भाऊ असं म्हणतो, आणि मी मान डोलावतो.

गेल्या महिन्यात तनू, म्हणजे वहिनींची मुलगी, माझ्या लॅपटॉपवर शाळेचा निबंध टाईप करत होती. आठवीत आहे. मराठीत टाईप करायचं होतं, एकेक अक्षर शोधत होती. वहिनी भाजी निवडत समोर बसलेल्या. त्यांची नजर मधूनमधून तिच्या बोटांकडं जायची आणि परत भाजीत यायची. एवढ्यात लॅपटॉपचा पडदा काळा झाला. तनूनं दोन्ही हात झटकन मागं घेतले. तिचा चेहरा इतका उतरला, की मला बघवेना.

"काय दाबलंस?" वहिनी म्हणाल्या. रागावून नाही, घाबरून. "काकाला सांग नीट. काहीतरी दाबलं असशीलच."

तनू माझ्याकडं बघत राहिली. "काका, माझं चुकलं का?"

मी लॅपटॉप जवळ ओढला. बॅटरी संपली होती, बाकी काही नाही. तिला म्हणालो, "तुझं काही चुकलं नाही. तू काहीच केलेलं नाहीस."

हे वाक्य मला बोलता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. सहज बोलता येतं. माझा आवाजसुद्धा हलला नाही.

वहिनींनी हातातली जुडी खाली ठेवली. त्यांच्या तोंडावर एकदम सुटका झाल्यासारखं हसू आलं. तनूच्या डोक्यावरून हात फिरवत त्या मला म्हणाल्या, "तिचं नाय चुकलं ना? बरं झालं बाई. मला वाटलं, माझ्यावरच गेली."

मी त्यांच्या समोर, हाताच्या अंतरावर बसलो होतो. तनू चार्जर आणायला आत गेली होती. खोलीत आम्ही दोघंच होतो.

मी काही बोललो नाही.